नाताळची सुट्टी आणि माणदेशातील पहाट

आपल्या पांढरपेशा घरांत पंचांगात न छापलेला, परंतु कोणत्याही सणाइतक्या निष्ठेने पाळला जाणारा एक काळ असतो. तो म्हणजे नाताळची सुट्टी. शब्द पोर्तुगीजांचा, सण ख्रिस्ती लोकांचा, सुट्टी इंग्रज सरकारने सुरू केलेली, आणि तिचा उपभोग मात्र आम्ही घेतला! आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याचा हा प्रकार म्हणावा, तर त्या रेघोट्यांतून पुष्कळ काही उभे राहिले, हेही खरे. मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी भरले, ते याच सुट्टीचा फायदा घेऊन. वकिलांना कोर्टे बंद, शिक्षकांना शाळा बंद. मग देशाचा विचार करावयास सवड मिळाली. घरोघरी या आठवड्याचे उपयोग याहून साधे होते. कोणी मुलगी पाहावयास जाई, कोणी कोकणातल्या घराची कौले परतून येई. आमच्या घरी या सुट्टीचा अर्थ एकच होता: गोंदवले.

गोंदवले बुद्रुक हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले गाव. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याने निघाले, की कोरेगाव मागे पडते, वर्धनगडाचा घाट चढतो आणि पुसेगावापासून हवेचा रंगच पालटतो. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस या बाजूस पोहोचेपर्यंत रिता झालेला असतो. वर्षाला जेमतेम २० इंच, तोही लहरीवर. डिसेंबरात शाळू कमरेएवढा वाढलेला असला, तर वर्ष बरे समजावयाचे. दहिवडी ओलांडली, की बोडके माळ आणि त्यांवरून ठिपक्यांसारखी सरकणारी मेंढरे दिसू लागतात. ज्या माणगंगेच्या नावाने हा मुलूख ओळखला जातो, ती कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते व पुढे भीमेला मिळते. परंतु वर्षातले पुष्कळ महिने ती नदी आहे, हे तिच्या वाळूवरूनच ओळखावे लागते. आटपाडीकडचा माणदेश आता सांगली जिल्ह्यात मोडतो. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ लिहून ज्यांना मराठी घराघरांत नेले, ती माणसे तिकडची. बोली मात्र दोन्हीकडे एकच, आणि दुष्काळही एकच.

श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी २२ डिसेंबर १९१३ रोजी पहाटे ५ वाजून ५५ मिनिटांनी गोंदवल्यास देह ठेवला. त्या दिवशी मार्गशीर्ष वद्य दशमी होती. इंग्रजी तारखेने मोजले, तर नाताळ अवघा तीन दिवसांवर. परंतु उत्सव तिथीने चालतो, आणि तिथी ही सासरी जाऊन वारंवार माहेरी येणाऱ्या मुलीप्रमाणे कधी मागे, कधी पुढे सरकत असते. कधी ती डिसेंबरच्या मध्यास येऊन जाते व शाळांच्या परीक्षाही आटोपलेल्या नसतात. कधी अधिक मासामुळे जानेवारी उजाडते. २०२४ सालाची तर मौज अशी, की त्या एकाच इंग्रजी वर्षात महाराजांची पुण्यतिथी दोनदा आली: ६ जानेवारीस एकदा आणि २५ डिसेंबरला, म्हणजे प्रत्यक्ष नाताळच्या दिवशी, दुसऱ्यांदा. या दुसऱ्या खेपेविषयी पुढे सांगावयाचे आहे.

आता नाताळाची दुसरी बाजू. माझी आई साताऱ्यास शाळेत शिकवीत असे. तिच्याच शाळेत एक ख्रिस्ती बाई होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. ख्रिस्ती कुटुंबे साताऱ्याला नवी नव्हेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत येथेच बिऱ्हाड केले होते व ‘देवाचा दरबार’ मांडला होता. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना एकाच घरात दोन धर्म कसे नांदू शकतात व त्यासाठी बाईमाणसाला केवढी किंमत मोजावी लागते, हे मी सांगावयास नको. मावशींच्या घरी त्या पुस्तकाची एक जुनी, शिवण उसवलेली प्रत होती, आणि माझ्या आजीने ती दोन वेळा वाचावयास आणली होती. पुस्तक चाले. करंजी चालत नसे.

मावशींच्या घरचा नाताळ म्हणजे आम्हां मुलांना दुसरी दिवाळीच. फराळ तोच: करंज्या, शंकरपाळे, चिवडा, रांगोळीही तशीच, फक्त तिच्यात स्वस्तिकाऐवजी घंटा आणि तारे. कोपऱ्यात गवताची गव्हाणी मांडलेली असे, व तिच्यातल्या गाईगुरांत एक मातीचा बैल आमच्या बेंदराचा असे. शिंग मोडल्यामुळे आम्ही तो टाकला होता. मावशींच्या मुलीने उचलून नेला व बेथलेहेमात नेऊन बसविला.

परंतु सर्वांत मोठे काम ताऱ्याचे. आमचा दिवाळीचा आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत फाटून जाई. त्याच्या कामट्या जपून ठेवून डिसेंबराच्या आरंभी आम्ही मावशींकडे नेत असू. पाच कामट्यांचा एक तारा, तसाच दुसरा. दोहोंची टोके सुतळीने एकत्र बांधावयाची आणि आतल्या पाच कोनांत वीत-वीतभर काटक्या उभ्या करून तारे पोटाशी फुगवावयाचे. मग पतंगाचा कागद आणि कणकेची खळ. काटकी किंचित लांब झाली, की बांधलेले टोक फटकन सुटे व सारा तारा अंगावर येई. कागदी ताऱ्याची ही विद्या युरोपातही शाळेतच रूढ झाली, असे मी पुढे वाचले. जर्मनीतील मोराव्हियन पंथाच्या एका शाळेत, एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, मुलांना भूमिती समजावी म्हणून असे तारे करवून घेतले जात. आम्हांला भूमिती पुढेही फारशी आली नाही. तारा मात्र येतो.

आजी या साऱ्याकडे कौतुकानेच पाही. कामट्या तासून देण्यात तिचाच हात साफ होता. मात्र त्या घरचे शिजलेले अन्न तिने कधी घेतले नाही, आणि मावशींनीही तिला कधी संकटात टाकले नाही. नाताळच्या आदल्या दिवशी मावशींकडून आमच्या घरी एक परात येत असे. तिच्यात रवा, पिठीसाखर, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, थोडी वेलची व खसखस, आणि वर केळी. करंज्यांचा सगळा शिधा, पण कोरडा! आजी सोवळ्यात त्याच्या करंज्या करी, देवाला दाखवी, आणि मग आम्ही त्या ‘मावशींच्या करंज्या’ म्हणून खात असू. परात रिकामी परत जात नसे. गोंदवल्याहून आलो, की तिच्यात खडीसाखरेचा प्रसाद जाई. या व्यवहारात दोन्ही बाजूंनी केवढे शहाणपण व केवढे दुःख होते, हे त्या वयात कोणास कळणार? आज काही मंडळी असल्या गोष्टी ऐकून हसतात, काही संतापतात. मला दोन्ही करवत नाही.

गोंदवल्याच्या उत्सवापूर्वी सुमारे पंचवीस दिवस म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस. सजावट म्हणजे काय, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने तो रथ पाहावा. देवाचे जोगेश्वरीशी लग्न कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लागते, आणि ही त्याची वरात. राजेमाने घराण्याचा मान, गुलाल-खोबऱ्याची उधळण, ‘चांगभलं’चा गजर, आणि रथाला नारळांची व चक्क नोटांची तोरणे. शहरातल्या सुशिक्षितास नोटांचे तोरण रुचत नाही. मलाही प्रथम रुचले नव्हते. परंतु ती तोरणे कोणाची असतात? माण, खटाव, आटपाडी, खानापूर या भागांतली माणसे पोटासाठी दूर गेलेली आहेत. कोणी मुंबईस माथाडी कामावर, कोणी सोनेचांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात हिंदुस्थानच्या पार दुसऱ्या टोकाला. जेथे पाण्यावाचून फूल येत नाही, तेथल्या माणसाने देवाला काय वाहावे? जे त्याला परगावी उगवले, ते तो आणून बांधतो. त्याच यात्रेत आजोबा घोंगडे घेत. तेच पांघरून आम्ही पुढे गोंदवल्याची थंडी काढीत असू.

गोंदवल्याची सजावट याच्या उलट, शांत. मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेस कोठीपूजन होऊन उत्सव सुरू होतो. देवाच्या आधी धान्याच्या कोठीची पूजा, ही गोष्ट दुष्काळी मुलखालाच सुचावी! १८७६-७७ च्या दुष्काळात महाराजांनी आपल्या शेतांत लोकांना काम देऊन जेवू घातले, असे चरित्रकार सांगतात. तेव्हापासून त्या गावी अन्नाचे महत्त्व मूर्तीच्या खालोखाल आहे. दारांना आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा, केळीचे खांब, आणि बायकांनी काढलेल्या रांगोळ्या. वर गोपाळकृष्ण व खाली समाधी, अशी मंदिराची रचना. तेथे रात्रभर रामनामाचा जप चालू असतो.

दशमीच्या पहाटे आजी आम्हांला चार वाजता उठवी. अंगण माणसांनी भरलेले असे, पण गडबड नाही. थंडीने दात वाजत. सहाला पाच मिनिटे कमी असता क्षणभर सर्व स्तब्ध होते, आणि मग गुलाल व फुले यांची एकच उधळण होते. लहानपणी मला वाटे, की कोणी तरी अंधारच लाल रंगविला. उजाडल्यावर एकमेकांचे चेहरे ओळखू येत नसत, आणि आजीचे पांढरे केस दोन दिवस गुलाबी राहत.

१९७२ साली मात्र माणदेशाकडे पाहवेना. शाळू नव्हताच; मेंढरेही दिसेनात. एस. टी.च्या रस्त्याला दुतर्फा दुष्काळी कामे चालू होती आणि बायका खडी फोडीत होत्या. त्या वर्षी दशमी डिसेंबरच्या अगदी अखेरीस आली. आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मावशी आल्या व त्यांनी आजीसमोर एक मोठा डबा ठेवला. या खेपेस शिधा नव्हता. करंज्या होत्या, घरात केलेल्या सगळ्या. “आजी, आमच्याकडे यंदा कोणाच्या घशाखाली उतरत नाहीत. तुम्ही त्याच रस्त्याने जाता आहा. वाटेत मुलांना द्या,” एवढेच त्या म्हणाल्या. आजीने डब्याकडे पाहिले आणि तो आपल्या पिशवीशेजारी ठेवून घेतला.

दहिवडीच्या अलीकडे गाडी काही कारणाने थांबली. शेजारीच खडीचे ढीग होते, आणि ढिगांच्या सावलीला मुले. सरकारी सुकडी खाऊन कंटाळलेली ती मुले डबा उघडताच भोवती जमली. आजी एकेकाच्या हातावर करंजी ठेवीत चालली. एक चार-पाच वर्षांची मुलगी होती. तिने करंजी मोडली, एक तुकडा आपल्या तोंडात घातला आणि दुसरा, लाल मातीच्या हाताने, आजीपुढे धरला. आजीने तो घेतला आणि खाल्ला. गाडी सुटली. गोंदवल्यापर्यंत ती काही बोलली नाही, आम्हीही विचारले नाही. पुढल्या नाताळात मावशींकडून नेहमीप्रमाणे कोरडी परात आली, तेव्हा आजीने ती ठेवून घेतली व आईला म्हणाली, “तिला सांग, एवढी यातायात कशाला? केलेल्याच पाठव.”

आजी गेली, आईही गेली. मावशी नव्वदी ओलांडून साताऱ्यास एकट्या राहतात; मुले परदेशी. तारा अजून आम्हीच बांधतो, फक्त आता मेणबत्तीऐवजी आत दिवा असतो. २०२४ साली नाताळ व दशमी एकाच दिवशी आली, तेव्हा घरात पेच पडला. मावशींचे नाताळचे जेवण कधी चुकविलेले नव्हते, आणि गोंदवल्याची पहाटही. नातवंडांनी वादविवाद केला, मोठ्यांनी पंचांग काढले. पंचांग काय करणार? शेवटी २४ तारखेच्या संध्याकाळी मावशींच्या ओसरीवर तारा टांगून आम्ही मध्यरात्रीनंतर मोटारीने निघालो. पुसेगावच्या पुढे आता रस्ता गुळगुळीत आहे आणि काही शेतांतून पाटाचे पाणी दिसते, हे नमूद केले पाहिजे. पहाट नेहमीसारखीच झाली. प्रसाद घेतला, थोडी आमटी डब्यात मागून घेतली, आणि दुपारी दोन वाजता, कानाच्या पाळ्यांत गुलाल तसाच ठेवून, आम्ही साताऱ्यास परत आलो.

मावशी टेबलाशी बसून वाट पाहत होत्या. मी नेहमीप्रमाणे खडीसाखरेची पुडी पुढे केली, तेव्हा त्या म्हणाल्या, “आजीला मी कोरडे देत होते, म्हणून तुम्ही अजून मला कोरडेच देता का ग?” मग आमटीचा डबा निघाला. त्यांनी ती गरम करावयास लावली, केक बाजूला सारविला, आणि भातावर आमटी वाढून घेऊन प्रथम तीच खाल्ली. धाकट्या नातवाच्या लक्षात आले, की ओसरीवरच्या ताऱ्यातला दिवा भर दुपारी जळतो आहे. तो बंद करावयास उठला. मावशींनी त्याला हाताने थांबविले. तो ६ जानेवारीपर्यंत असाच राहू दे, म्हणाल्या, आणि आणखी थोडा भात मागितला.