मोहामोहाने वर

कोरपन्याकडची कापसाची रानं बऱ्यापैकी सपाट. पण गडचांदूरहून जिवतीकडे वळलं, की माणिकगडचा डोंगर सायकलवाल्याचा हिशेब मागतो. साठीनंतर कळलं ते असं, की पोटऱ्यांच्या आधी मन खाली उतरतं. त्याला एकदम माथा दाखवू नये. घाबरतं बिचारं! म्हणावं, "बाबा, त्या मोहाच्या झाडापर्यंत चल, मग उतरू." तिथं पोचलं की पुढचा मोह दाखवावा. माणूस मोहाने खाली जातो म्हणतात. मी मोहामोहाने वर जातो! मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणारा 'घाटाचा राजा' ठरतो. आपल्याला राज्य नको. "सायकल विका आता" म्हणणाऱ्या सूनबाईंना माथ्यावरून फोन लागला, की भरून पावलो.