'भावना दुखावल्या' हे आपले हत्यार नाही

दरवर्षी १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि १ जानेवारीच्या आसपास आमचा फोन सकाळपासून वाजायला लागतो. कुणीतरी कुठेतरी बाबासाहेबांविषयी घाणेरडे लिहिलेले असते. त्याचा स्क्रीनशॉट पन्नास ग्रुपमधून फिरत आमच्यापर्यंत येतो आणि खाली एकच मागणी असते : अटक करा, अकाउंट बंद करा. दुपारपर्यंत वीस-पंचवीस पोरे पोलीस ठाण्याच्या आवारात जमतात. अर्ज लिहायचे काम बहुतेक वेळा आमच्याच गळ्यात पडते. ठाणे अंमलदार सवयीने सांगतो, "लिहा, समाजाच्या भावना दुखावल्या."

गेली काही वर्षे आम्ही हे वाक्य अर्जात लिहायला नकार देतो. त्यावरून कार्यकर्त्यांशी खडाजंगी होते. "साहेब स्वतः सांगतायत, तुम्ही कशाला अडवता?" असे विचारले जाते. काहींनी आम्हाला 'पुस्तकी' म्हणून बाजूलाही सारले. म्हणून आमचे म्हणणे एकदा सविस्तर मांडतो.

'भावना दुखावल्या' या वाक्याचा महाराष्ट्रातला सर्वात गाजलेला वापर कुणाविरुद्ध झाला? बाबासाहेबांविरुद्धच. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड, म्हणजे 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रकाशित केला. राम आणि कृष्णावरच्या प्रकरणामुळे हिंदूंच्या भावना दुखावतात अशी ओरड झाली, शिवसेना रस्त्यावर उतरली, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या आणि शासनाने ते प्रकरण काढून टाकायची तयारी दाखवली. मग १९८८ च्या सुरुवातीला आपली माणसे लाखोंनी मुंबईत आली. प्रकरण राहिले, पण शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप जोडून. ज्या माणसाने राज्यघटनेचा मसुदा लिहिला, त्याच्या पुस्तकाला सरकारी टिपेचा लगाम लागला. हे ज्यांच्या डोळ्यांसमोर घडले, त्यांची पोरे आज 'भावना दुखावल्या' लिहून अर्ज देतात.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे कलम २९५अ इंग्रजांनी १९२७ मध्ये आणले. भारतीय न्याय संहितेत ते आता कलम २९९ म्हणून बसले आहे. राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर कोणत्या कारणांसाठी बंधने घालता येतील त्याची यादी आहे : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. त्या यादीत 'भावना' हा शब्दच नाही. न्यायालयांनी २९५अ टिकवले ते सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधाराने. याचा व्यवहारातला अर्थ काय होतो? सुव्यवस्था मोडण्याची ताकद ज्याच्याकडे, त्याच्या भावना पोलिसांना आधी दिसतात. ज्या जातीकडे गावची जमीन, पतसंस्था, बाजार समिती आणि आमदार आहे, तिच्या भावना नेहमीच जास्त नाजूक असतात. आपल्या पन्नास पोरांच्या भावना या शर्यतीत कधीच पहिल्या येणार नाहीत.

याचा अर्थ बाबासाहेब अनिर्बंध बोलण्याच्या बाजूने होते असा नाही. अमेरिकेतली उदाहरणे देऊन ठणकावणाऱ्यांनी संविधान सभेतले ४ नोव्हेंबर १९४८ चे भाषण वाचावे. मूलभूत हक्क अमेरिकेतही निरपवाद नाहीत, हे त्यांनी तिथल्याच न्यायनिवाड्यांच्या आधारे दाखवले. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती ते कायदामंत्री असताना झाली. त्याच एका दुरुस्तीत दोन गोष्टी आल्या, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत नसते. एक, चंपकम दोराईराजन निकालानंतर शिक्षणातल्या राखीव जागा वाचवणारे कलम १५(४). दुसरी, बोलण्यावरच्या बंधनांची नवी यादी, आणि ही बंधने 'वाजवी' असली पाहिजेत ही अट. 'गुन्ह्याला चिथावणी' हे शब्दही तेव्हाच आले. बाबासाहेबांच्या कारकिर्दीत बंधन आले ते चिथावणीवर, दुखावण्यावर नाही. आमचा सगळा मुद्दा या फरकात आहे.

आता मोबाईलकडे येऊ. फेब्रुवारी १९९६ मध्ये दावोसमध्ये बसून जॉन पेरी बार्लो या अमेरिकन माणसाने सायबर जगाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. या नव्या जगात वंश, पैसा, लष्करी बळ किंवा जन्माने मिळालेले स्थान यावरून कुणाला विशेष अधिकार नसेल, असे त्यात वचन होते. जन्माचे स्थान! हे वाचले की आम्हाला हसावे की रडावे कळत नाही. ज्या सिलिकॉन व्हॅलीने हे स्वप्न जगाला विकले, तिथेच जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या शासकीय यंत्रणेने सिस्कोवर जातिभेदाचा दावा दाखल केला. दलित अभियंत्याची जात सहकाऱ्यांत उघड केली, असा आरोप वरिष्ठावर होता. पुढे २०२३ मध्ये दोन अभियंत्यांविरुद्धचा दावा मागे घेतला गेला, कंपनीविरुद्धचा चालू राहिला. एप्रिल २०२२ मध्ये गुगल न्यूजमध्ये थेनमोळी सौंदरराजन यांचे जातीवरचे व्याख्यान ठरले होते. काही कर्मचाऱ्यांनी त्यांना हिंदूविरोधी ठरवणाऱ्या तक्रारी केल्या आणि व्याख्यान रद्द झाले. ते ठरवणाऱ्या अधिकारी तनुजा गुप्ता यांनी नोकरी सोडली. तिथेही हत्यार तेच : भावना.

ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा नोव्हेंबर २०१८ मधला फोटो आठवतो? ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, असे पोस्टर हातात घेतलेला. जगभर वाक्स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या कंपनीच्या कायदा विभागाच्या प्रमुखाने त्या पोस्टरबद्दल माफी मागितली. वर्षभराने दिलीप मंडल यांच्या अकाउंटवर निर्बंध आले, तेव्हा ब्लू टिक कुणाला मिळते आणि कुणाला नाही यावर आपल्या लोकांनी हॅशटॅगचे रान उठवले. पुढे इलॉन मस्क आले. स्वतःला वाक्स्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते म्हणवून घेत त्यांनी टिक विकायलाच काढली. २०२३ मध्ये भारतात तिचा भाव महिन्याला ६५० रुपये होता, मोबाईल ॲपवरून घेतली तर ९००. (जन्माऐवजी पैसा, ही प्रगती म्हणायची की नाही हे वाचकांनी ठरवावे.)

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. एका गावातल्या मारहाणीची माहिती देताना आम्ही फिर्यादीतला जातिवाचक शब्द जसाच्या तसा लिहिला. कंपनीच्या यंत्राने आमची पोस्ट उडवली आणि पेजवर तीन आठवडे बंधन घातले. ज्याने तो शब्द शिवी म्हणून वापरून व्हिडिओ टाकला, त्याचा व्हिडिओ तसाच राहिला, कारण त्याने तो शब्द लिहिला नव्हता, उच्चारला होता, आणि तोही आमच्या भागातल्या बोलीत. टोळीने रिपोर्ट मारून आंबेडकरी पेज बंद पाडण्याचे प्रकार तर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मग 'रिपोर्ट मारा' हाच आपला मोठा कार्यक्रम कसा असू शकतो? संख्येच्या खेळात आपण उतरतो आणि मग संख्या कमी पडली म्हणून चिडतो.

सरकार आणि कंपनी या दोघांविषयी पुष्कळ लिहिले जाते. तिसऱ्याविषयी फार कमी, आणि आपले तोंड बंद करणारा खरा तोच आहे. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, हक्कांचे रक्षण कायद्यापेक्षा समाजाची नैतिक जाणीव करते. समाजच हक्काला विरोध करत असेल तर कायदा, संसद, न्यायालय कुणीही तो खऱ्या अर्थाने देऊ शकत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. वादाचे निमित्त होते त्याच्या मोबाईलची रिंगटोन, बाबासाहेबांवरचे गाणे. त्याच वर्षी २४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले होते आणि देशभर इंटरनेटवरच्या स्वातंत्र्याचा उत्सव सुरू होता. दोन महिन्यांनी, रिंगटोनसाठी खून. त्या पोराला कलम १९ ने कुणापासून वाचवायचे होते?

मराठवाड्यातल्या एका गावात अलीकडे झालेली गोष्ट. जयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ एका अकरावीतल्या पोराने इन्स्टाग्रामवर टाकला. मिरवणूक प्रथमच वरच्या आळीतून गेली होती, आणि त्याने तेवढेच खाली लिहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना सोयाबीनच्या मळणीला येऊ नका म्हणून सांगितले गेले. तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत डबा घेतला नाही. संध्याकाळी आईने पोराच्या हातातून फोन काढून घेतला आणि व्हिडिओ डिलीट करायला लावला. कंपनीचे नियम मोडले नव्हते, कोणत्या कोर्टाचा आदेश नव्हता, पोलिसांना खबरही नव्हती. आम्ही गेलो तेव्हा गिरणीवाला म्हणाला, "आम्ही कुठं बंद केलंय? वीज नव्हती." अर्जात आम्ही भावना हा शब्द घातला नाही. तारखा, वेळा, कुणी काय म्हटले आणि कोणासमोर, एवढेच लिहिले, आणि सामाजिक बहिष्काराची कलमे. आठ दिवसांनी वीज आली. व्हिडिओ मात्र पोराने पुन्हा टाकला नाही, आणि त्याला तो टाकायला सांगायचा अधिकार आम्हाला नाही.

ही कलमे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवीत. ॲट्रॉसिटी कायद्याचे ३(१)(आर) आणि (एस) जातीवरून जाहीर अपमान आणि जातिवाचक शिवीगाळीसाठी आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले (झेडसी) सामाजिक-आर्थिक बहिष्कारासाठी. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. इंटरनेटवर टाकलेला मजकूर 'लोकांच्या नजरेसमोर' मानता येतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. या कलमांत गुन्हा कृतीचा आहे. कुणाला किती वाईट वाटले याचे माप तिथे घ्यावे लागत नाही.

इथे एक कार्यकर्ता आम्हाला अडवतो आणि त्याचे बरोबर आहे. त्याच दुरुस्तीत (व्ही) हे कलमही आले : समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर. बाबासाहेबांसाठीच ते आहे असे म्हणा ना! हो, आहे. आणि पुतळ्याची विटंबना करणारा किंवा बाबासाहेबांच्या नावाने वस्तीला धमकावणारा यात अडकलाच पाहिजे. पण टीका, विनोद, व्यंगचित्र यांच्यावर हे कलम चालवले तर आपण 'रिडल्स'च्या विरोधकांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. मे २०१२ मध्ये शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावरून काय झाले ते आठवा. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. ते चित्र आम्हालाही खुपते. ते पाठ्यपुस्तकात कोणत्या मजकुरासोबत असावे यावर भांडायला पूर्ण जागा होती. पण पुण्यात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, योगेंद्र यादव आणि पळशीकर सल्लागारपदावरून बाहेर पडले, सरकारने चित्र काढले आणि चर्चा संपली. आपल्याला काय मिळाले? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून पकडले, तेव्हा सुरुवातीला लावलेले कलम २९५अच होते. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त लाइक केले होते. नातेवाइकाचा दवाखानाही फुटला. ज्यांना तो फोडायचा होता, त्यांना मे महिन्यात आपण काही वेगळे शिकवले नव्हते.

आमच्याकडे रविवारी जमणाऱ्या पोरांना आम्ही आता घोषणेआधी पुरावा शिकवतो. स्क्रीनशॉट पुरेसा नाही, लिंक, तारीख-वेळ आणि प्रोफाइलचा पत्ता हवा. ज्या फोनवर पाहिले तो फोन फॉरमॅट करायचा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश संख्या येते, ती काढायला दहा मिनिटे पुरतात. आणि आपले लिखाण दुसऱ्याच्या दुकानात ठेवून विसरायचे नाही. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. जातपात तोडक मंडळाने १९३६ मध्ये लाहोरचे भाषण रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी स्वखर्चाने पंधराशे प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. आमच्या पेजवरचे सगळे लेख आणि घटनांच्या नोंदी आता दोन हार्ड डिस्कवर आणि छापील फायलींत आहेत. फायली वस्तीतल्या विहारात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. कुणालाही पाहता येतात, चावी शेजारच्या ताईंकडे असते.