चला, नाटकांच्या गावाला!

मुलांनो, रशियातल्या मॉस्को शहरात ‘बोल्शॉय’ नावाचं एक भलंमोठं नाट्यगृह आहे. बोल्शॉय या शब्दाचा अर्थच मुळी ‘मोठं’. तिथली मंडळी १७७६ सालापासूनची. तिथे ऑपेरा होतात आणि बॅलेही होतात. बॅले म्हणजे तोंडानं एक अक्षरही न बोलता, नुसत्या नाचातून सांगितलेली गोष्ट. हंसांची गोष्ट सांगणारा ‘स्वान लेक’ हा बॅले पहिल्यांदा झाला तो इथेच, १८७७ साली. दोनशेच्या वर नर्तक-नर्तकी तिथे नोकरीला आहेत. सप्टेंबरात त्यांचा हंगाम सुरू होतो आणि जुलैत संपतो. आज कोण नाचणार, हंसराणीचं काम यंदा कोणाला मिळणार, याची तिथल्या लोकांत अशी चर्चा चालते, जशी आपल्याकडे क्रिकेटच्या संघाची!

आता तुम्ही म्हणाल, “बाई, आम्ही राहतो नागपुरात. मॉस्कोचं काय घेऊन बसलात?” सांगते ना! असाच एक हंगाम आपल्यापासून तीन-चार तासांच्या अंतरावर दर वर्षी रंगतो. तिथेही कंपन्या आहेत, नट आहेत, नाचणाऱ्या मुली आहेत, वादक आहेत, आणि कोण कुठल्या नाटकात आहे याची खडान्‌खडा माहिती असणारे प्रेक्षकही आहेत. फक्त तिथे मखमलीच्या खुर्च्या नाहीत. प्रेक्षक बसतात ते तणसावर. तणस म्हणजे धानाचा वाळलेला पेंढा, बरं का!

ही आहे झाडीपट्टीची रंगभूमी.

झाडीपट्टी हे नाव नकाशाच्या पुस्तकात शोधू नका, सापडणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जो झाडाझुडपांचा, तळ्यांचा आणि धानाचा मुलूख, त्याला लोक झाडीपट्टी म्हणतात. इथली बोली ती झाडीबोली. या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ जवळजवळ नाहीतच. पाण्याचं ‘पानी’ होतं, डोळ्याचा ‘डोरा’ आणि काळ्याचा ‘कारा’. मी शिक्षिका, त्यामुळे पहिले दोन दिवस माझा हात सारखा लाल पेनाकडे जात होता! तिसऱ्या दिवशी कान सरावला आणि मग ती बोली इतकी गोड वाटू लागली की विचारू नका.

आम्ही निघालो जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी. मी, माझे यजमान आणि आमची पाचवीतली लेक. गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी धरली. उमरेड आलं, कोळशाच्या खाणींचं गाव. मग भिवापूर. इथली मिरची नावाजलेली, लालभडक आणि झणझणीत. नागभीड जवळ येऊ लागलं तशी शेतं बदलली. कापूस मागे पडला आणि धानाच्या बांध्या दिसू लागल्या. कापणी झालेली, नुसती खुंटं उभी. पूर्वी नागपूरच्या इतवारी स्टेशनातून नागभीडला एक इवलीशी आगगाडी जायची, नॅरो गेजची. रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ साली ती थांबवली. माझ्या यजमानांनी लहानपणी त्या गाडीतून प्रवास केलेला, त्यामुळे नागभीड येईपर्यंत आम्हाला दुसरा विषय नव्हता!

ब्रह्मपुरी ओलांडली की वैनगंगा लागते. पुलावरून पलीकडे गेलं की गडचिरोली जिल्हा, आणि पहिलंच मोठं गाव वडसा. सरकारी कागदावर याचं नाव देसाईगंज, पण रेल्वे स्टेशनावर वडसा आणि लोकांच्या तोंडीही वडसाच. हीच झाडीपट्टीच्या नाटकांची राजधानी.

राजधानी कशी असते बघा. रस्त्याच्या कडेला लहान लहान ऑफिसं, आणि प्रत्येकावर नाटक मंडळाचं मोठं रंगीत बॅनर. बॅनरवर नट-नट्यांचे चेहरे. कोणी रडतंय, कोणी दात-ओठ खातंय, कोणी हसवतंय. नाटकांच्या नावांत आई, बाप, कुंकू, सासर असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आत एक टेबल, एक टेलिफोन आणि तारखांची वही. खेड्यातली मंडळी इथे येतात, नाटक ठरवतात, पैशांचं बोलतात आणि तारीख लिहून घेऊन जातात. कपड्याच्या दुकानात कापड बघावं तसं चार ऑफिसं फिरून नाटक निवडायचं! “तुमच्यात यंदा विनोदी कोण आहे? गाणारी कोण? नाच कोणाचा?” असे प्रश्न विचारताना मी स्वतः ऐकलं.

हा हंगाम दिवाळीनंतरच का, तेही समजून घ्या. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, गावाची जत्रा. तोवर धान घरी यायला लागलेलं असतं, हातात चार पैसे असतात आणि लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. पुढे थंडीत शंकरपट भरतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. दिवसा पट बघायला पाहुणे येणार, रात्री मुक्काम करणार, मग त्यांच्यासाठी रात्रभर नाटक! एकाच गावात एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन नाटकंही लागतात. होळीच्या सुमाराला हंगाम आटोपतो, कारण पुढे उन्हाळा आणि मग पुन्हा शेती.

म्हणूनच २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा नाटकवाल्यांच्याही पोटात गोळा आला. बैलांचे हाल होऊ नयेत हे खरंच, त्याबद्दल वाद नाही. पण पट नाही तर पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत तर नाटकाला गर्दी कुठून येणार? डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. त्याआधी करोनानं एक हंगाम गिळला होताच. बोल्शॉयचं नाट्यगृहसुद्धा दुरुस्तीसाठी २००५ पासून २०११ पर्यंत बंद होतं, पण तिथल्या नर्तकांना शेजारीच दुसरा रंगमंच होता आणि पगार होता. इथे प्रयोग नाही तर पैसा नाही. तेव्हा कोणी मजुरीला गेलं, कोणी भाजी विकली.

हे मला कसं ठाऊक? माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे बाबा या कंपन्यांमध्ये तबला वाजवतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की ते नागपुरातून जे जातात, ते होळीपर्यंत अधूनमधूनच घरी येतात. वर्गात ‘माझे बाबा’ हा निबंध घातला तेव्हा त्यानं लिहिलं होतं, ‘माझे बाबा रात्री कामाला जातात आणि सकाळी दुसऱ्या गावात असतात.’ बाकी सगळं पान कोरं. त्या एका वाक्यापायी मी वडशाला गेले म्हणा ना!

शनिवारी रात्री आम्ही वडशापासून आत असलेल्या एका गावात पोचलो. दिवसा तिथे पट झाला होता. गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात कापडाचा मंडप, पुढे फळ्यांचा रंगमंच. संध्याकाळीच बायकांनी पोती आणि चटया टाकून जागा धरून ठेवलेल्या. भज्यांचे, चहाचे, मुरमुऱ्यांचे ठेले. थंडी म्हणजे काय थंडी! शाली, घोंगड्या, कानटोप्या, आणि कितीतरी पोरं आईच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली. आम्हाला बघून एका आजींनी सरकून जागा केली. “बसा जी बाई, अजून लय वेर आहे,” म्हणाल्या. ‘वेर’ म्हणजे वेळ, आलं ना लक्षात?

खरंच लय वेर होता. नाटक सुरू झालं रात्री अकरा वाजता आणि संपलं पहाटे पाचला!

नाटकाची गोष्ट सांगत नाही, तुम्हीच कधी बघाल. एक शेतकरी बाप, दारूपायी बिघडलेला मुलगा, घर सांभाळणारी सून. आम्ही शहरातले लोक अशा गोष्टीला नाक मुरडतो. पण सुनेनं मंगळसूत्र विकायला काढलं तेव्हा मंडपात हजारभर माणसं होती आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि विनोदी नट आला की तीच माणसं हसून हसून लोळत होती. गाणी रेकॉर्डवरची नव्हेत. रंगमंचाजवळच ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड. पडद्याच्या कडेला एक गृहस्थ हातात वही घेऊन बसलेले. ते प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की ते हळूच पुढचा शब्द पुरवतात. आमच्या लेकीला नाटकापेक्षा त्यांचंच कौतुक! “परीक्षेत असे काका का नसतात?” असं तिनं विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

अंक संपला की नाच. जुन्या काळी या भागात दंडार आणि खडी गंमत हे खेळ चालायचे, आणि त्यात पुरुषच लुगडं नेसून बाईचं सोंग आणायचे. पुढे नाटकं आली, आणि नागपूर, पुणे, मुंबईहून कलावंत स्त्रिया येऊ लागल्या. त्या रात्री लावणी नाचलेली ताई नागपूरचीच, एकोणीस वर्षांची. मधल्या वेळात पडद्यामागे मी तिला भेटले. ती घुंगरू बांधलेले पाय शेकोटीकडे करून बसली होती. “मॅडम, पाय थंडीनं बधिर झाले की ठेका चुकतो,” तिनं सांगितलं. सलग तिसरी रात्र होती तिची. झोप गाडीत. बी.ए.ची पुस्तकं बॅगेत, परीक्षा उन्हाळ्यात. मॉस्कोत मुलं दहाव्या वर्षीच बॅलेच्या शाळेत जातात, आणि नाचताना गुडघे दुखावू नयेत म्हणून तिथल्या फळ्या मुद्दाम लवचिक बसवलेल्या असतात. इथल्या फळ्याही हलतात, पण त्या खालच्या खांबांमुळे! त्यावर ती दहा मिनिटं नाचली आणि एकदाही तिनं खाली बघितलं नाही.

एक गोष्ट मला आवडली नाही, तीही सांगते. काही ठिकाणी आता नाटक नको, नुसता नाचाचा धांगडधिंगा द्या, अशी मागणी होते. जुन्या कलावंतांना ते फार खुपतं. त्या ताईलाही खुपत होतं. “नाटकातला नाच असला की लोक कलावंत म्हणतात. नुसता नाच असला की वाट्टेल ते म्हणतात,” एवढंच ती बोलली आणि उठली, कारण पडदा उघडत होता.

या रंगभूमीचं नाव दिल्लीपर्यंत नेणारे एक गृहस्थ आहेत, डॉ. परशुराम खुणे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले. त्यांनी पाच हजारांहून जास्त प्रयोगांत काम केलं आणि सुमारे आठशे वेगवेगळ्या भूमिका केल्या. लोकांना हसवण्यात एवढे तरबेज की त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोज एक प्रयोग धरला तरी पाच हजार प्रयोगांना किती वर्षं लागतील? करा बरं भागाकार! आणि हंगाम वर्षाकाठी चारच महिन्यांचा, हे विसरू नका.

तुम्हाला जायचं असेल तर आईबाबांना घेऊन डिसेंबर-जानेवारीत जा. दुपारी भरपूर झोप काढा. गरम कपडे, बसायला जाड सतरंजी आणि बॅटरी बरोबर असू द्या. वडशाच्या कोणत्याही नाटक ऑफिसात विचारलं की आज कुठल्या गावात कुठलं नाटक आहे ते सांगतात. तिकिटाच्या पैशांतून खर्च जाऊन काही उरलं, तर ते बऱ्याचदा गावाच्याच कामाला लागतं, कुठे देवळाला तर कुठे शाळेला. नाटक बुडालं तर तोटाही गावाचाच, म्हणून तिकीट काढूनच आत जा. आणि दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर मुळीच जाऊ नका! तिथल्या शिक्षकांना विचारा, मंडईच्या दुसऱ्या दिवशी वर्गात किती डोकी असतात आणि त्यांतली किती पेंगतात ते.

पहाटे पडदा पडला. लोक तणस झटकत उठले. बघता बघता पडदे गुंडाळले, पेट्या टेंपोत चढल्या. माझ्या विद्यार्थ्याचे बाबा तबल्याला कापड गुंडाळत होते. रात्रभर वाजवून बोटं सुजलेली. मी ओळख सांगितली तर गडबडून उभेच राहिले.

“बसा हो भाऊ,” मी म्हटलं.

“बाई, तुम्ही एवढ्या लांब!” मग जरा वेळ थांबून त्यांनी विचारलं, “सतराचा पाढा येतो का त्याला? फोनवर म्हणतो, येतो म्हणून. पण मधेच फोन कट करतो.”

“एकशे दोनपर्यंत नीट येतो,” मी सांगितलं. “पुढे अडखळतो.”

ते हसले. चहाचा कप खाली ठेवला आणि टेंपोत मागे, पेट्यांच्या मधे जाऊन बसले. त्या रात्रीचं गाव साठ किलोमीटर लांब होतं.