पांढऱ्या घोड्याची शर्यत

चिवावा, मेक्सिको

प्रिय दादा,

क्लबातल्या गेलेल्या सोबत्याच्या नावानं घाटात डोंगरवाटेची मॅरेथॉन भरवायचं तुम्ही ठरवलंत आणि बैठकीतलं बोलणं टी-शर्टाचा रंग, प्रमुख पाहुणे आणि फलकावरचा फोटो यांपाशी अडलं, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. माझं म्हणणं वेगळंच आहे. ते शर्यतीच्या मालकीविषयी आहे. मित्रांनी भरवलेली अशी शर्यत पहिली दोन-तीन वर्षं मित्रांच्या दुःखावर चालते. मग दुःख ओसरतं, कोणाची बदली होते, कोणाचे गुडघे जातात. शर्यत बंद पडते, नाहीतर एखाद्या प्रायोजकाच्या हाती जाते आणि गेलेल्याचं नाव कमानीवर तेवढं उरतं. आपल्याकडच्या स्मृतिचषकांचं आणि स्मृतिकरंडकांचं काय होतं ते तुला मी सांगायला नको. ती टिकावी असं वाटत असेल, तर ज्यांच्या वाटांवरून ती धावणार त्यांच्या हाती ती गेली पाहिजे, आणि लवकर गेली पाहिजे. मी निघालो आहे त्या दऱ्यांमध्ये नेमकं हे घडून गेलं आहे. सगळं सरळ घडलं असं नाही, आणि म्हणूनच ते तुला कळवण्याजोगं आहे.

मायका ट्रू हा अमेरिकन माणूस. जन्म 1953चा, जन्मनाव मायकेल हिकमन. तरुणपणी पैशासाठी मुष्टियुद्ध खेळला, पुढे कोलोरॅडोत राहून डोंगरात धावू लागला. तिथल्या लेडव्हिल गावात शंभर मैलांची एक प्रसिद्ध शर्यत होते. 1993 साली मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतातून रारामुरी लोक तिथे धावायला आणले गेले. बाहेरचे लोक त्यांना ताराउमारा म्हणतात. टायरच्या तळव्याच्या चपला घालून पन्नाशी उलटलेला व्हिक्तोरियानो चुरो त्या वर्षी पहिला आला. पुढच्या वर्षी हुआन एरेरानं अॅन ट्रेसनसारख्या मातब्बर धावपटूला मागे टाकलं. पण मानधन, जाहिरात आणि कोणी कोणाला आणलं यावरून अशी कुरबूर झाली की रारामुरींचं तिथे येणं थांबलं. त्याच 1994च्या शर्यतीत मायका एका रारामुरी धावपटूला सोबत करत होता. नंतर तो उलट दिशेनं निघाला. सिएरा माद्रेतल्या बातोपिलास नदीच्या खोऱ्यात घर बांधून राहिला, धावत राहिला, आणि लोक त्याला काबायो ब्लांको, म्हणजे पांढरा घोडा, म्हणू लागले. 2003पासून त्यानं तिथेच शर्यत भरवायला सुरुवात केली. या दोन शर्यतींतला फरक माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. लेडव्हिलनं रारामुरींना आपल्या मैदानात नेलं. मायकानं बाहेरच्यांना त्यांच्या वाटांवर यायला सांगितलं, तेही पाहुणे म्हणून. 2006 साली स्कॉट जुरेक हा त्या काळचा आघाडीचा अल्ट्रा धावपटू आला आणि आर्नुल्फो किमारेच्या मागे दुसरा राहिला. ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या 2009च्या पुस्तकानं ही गोष्ट जगभर पोचवली.

मार्च 2012मध्ये शर्यत होऊन काही आठवडेच झाले होते. न्यू मेक्सिकोतल्या हिला अरण्यात मायका नेहमीसारखा धावायला म्हणून गेला आणि परतला नाही. त्याला शोधायला देशभरातून त्याचे धावपटू मित्र जमले. चार दिवसांनी एका ओढ्याकाठी तो सापडला तोही एका मित्रालाच. शवविच्छेदनात हृदयाचा आजार निघाला. मित्रांनी शर्यत बंद केली नाही, तिला फक्त त्याचं नाव दिलं. पुढचं क्रीलहून लिहितो.


क्रील

प्रिय दादा,

चिवावा ते लॉस मोचिस ही रेल्वे 1961 साली पूर्ण झाली. वाटेत 86 बोगदे आणि 37 पूल आहेत, त्यामुळे कोकण रेल्वेनं जाणाऱ्याला तिचं फारसं अप्रूप वाटणार नाही. अप्रूप आहे ते पुढच्या दऱ्यांचं. उरिकेची दरी कड्यापासून नदीपर्यंत सुमारे 1,800 मीटर खोल आहे. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून 1,646 मीटर, म्हणजे अख्खं कळसूबाई या दरीत उभं केलं तरी वर दीडशे मीटर जागा उरेल. कड्यावर पाइनचं रान आणि थंडी, तळाशी आंबा-पपई पिकते. या दोन टोकांच्या मधल्या पायवाटांवर रारामुरींचं आयुष्य जातं, आणि मायकाची शर्यत याच पायवाटांवरून, उरिके गावातून निघून पुन्हा पुन्हा गावात परतत, जवळजवळ 80 किलोमीटर जाते. तुमच्या बेचाळीसच्या जवळपास दुप्पट. तेवढं अंतर तुम्ही ठेवू नका, हे सांगायला धावपटू असावं लागत नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप तुमच्यातला एखादा शहाणा घेईलच आणि तो खरोखर वजनदार आहे: दुसऱ्यांच्या डोंगरातल्या, दुसऱ्यांच्या कौशल्याच्या शर्यतीला एका गोऱ्या पाहुण्याचं नाव का? रारामुरी काही मायकामुळे धावू लागले नाहीत. पुरुषांची राराहिपारी, म्हणजे लाकडी चेंडू पायानं उडवत तासन्‌तास, कधी दिवस-रात्र चालणारी शर्यत, आणि बायकांची गोल कडं फेकत धावायची आरिवेता त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. वर ‘बॉर्न टू रन’च्या वाचकांनी ‘जन्मजात धावणारी जमात’ अशी एक दंतकथा करून टाकली. डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली एका मानवशास्त्रीय शोधनिबंधात ती खोडून काढली. त्या सहकाऱ्यांत एक रारामुरी धावपटूही होता. त्यांचं म्हणणं असं की यात रक्ताचा चमत्कार काही नाही. चढउतारावरची शेती, मैलोगणती चालणं, रात्र-रात्र नाचणं यांतून दम तयार होतो, आणि धावणं हे त्यांच्याकडे प्रार्थना, पैज आणि नातीगोती यांच्यात गुंतलेलं असतं. मला हे पटतं. म्हणून आक्षेपाचा अर्धा भाग मी मान्य करतो. धावण्याला मायकाचं नाव देता येत नाही. पण नाव धावण्याला दिलेलं नाही. बाहेरच्यांनी इथे यायचं, हरायचं आणि परत जायचं, या बोलावण्याला ते दिलेलं आहे, आणि ते बोलावणं खरोखर त्याचंच होतं. तुमच्या बाबतीतही हा भेद करावा लागेल. गडावरची वाट, धनगरवाड्यातून जाणारी पायवाट, पाणवठ्याकडची उतरण या गोष्टींना तुमच्या मित्राचं नाव देऊ नका. त्या वाटांना नावं आधीच आहेत. शर्यतीला द्या.

दुसरा आक्षेप मक्याचा. इथे पदकाइतकंच किंवा त्याहून जास्त महत्त्व मक्याच्या पावत्यांना आहे. शर्यत पुरी करणाऱ्याला शेकडो पौंड मका मिळतो. 2011-12च्या हिवाळ्यात चिवावाच्या डोंगरात दुष्काळानं उपासमार होती, तेव्हा याचा अर्थ काय असेल ते तुला कळेल. टीकाकार म्हणतात की हे धावण्याला लावलेलं दान आहे. भुकेल्या माणसाला धान्यासाठी धावायला लावणं म्हणजे जत्रेतला खेळ. याला दोन उत्तरं आहेत आणि दुसरं मला अधिक पटतं. पहिलं असं की मका फक्त जिंकणाऱ्याला मिळत नाही, पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळतो, आणि बाहेरून आलेल्या अनेकांनी आपल्या वाट्याच्या पावत्या रारामुरींनाच देऊन टाकल्या. दुसरं असं की जिंकलेल्या वस्तूंसाठी धावणं इथे कोणी बाहेरून आणलेलं नाही. राराहिपारीत दोन्ही गट कापड, जनावरं, पैसे पैजेला लावतात. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं हिशेब न ठेवता द्यायचं, या इथल्या रीतीला कोरिमा म्हणतात, आणि मायकानं शर्यत त्या रीतीत बसवली. रीत इथली होती म्हणून मका चालला. हेच मावळात कोणी पॅकबंद रेशनचे खोके वाटून केलं, तर ते दानच होईल, आणि फोटोसकट होईल. तिथली रीत वेगळी आहे. गावजेवण, पालखीची उठबस, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, यांपैकी कशात तुम्ही बसता ते गावाला विचारावं लागेल.

तिसरा आक्षेप तुझाच आहे, जरी तू तो विनोदात घातलास: हृदय बंद पडून गेलेल्या माणसाच्या नावानं इतरांना दमवायचं, हे विपरीत नाही का? मायकाच्या बाबतीत हा प्रश्न खराच होता. पण आजारी हृदय ही धावण्याच्या विरोधातली साक्ष नव्हे, तपासणीच्या बाजूची आहे. स्मृतिशर्यतीनं प्रवेश-अर्जासोबत हृदयतपासणीचा दाखला मागायला हवा, आणि चढावर दर काही किलोमीटरवर वैद्यकीय माणूस हवा. बाकीच्या शर्यती यात ढिल्या राहतात. तुम्हाला ढिलं राहायचा हक्क नाही.

मालकीविषयी आणखी एक पुरावा आफ्रिकेतला. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी धावपटू जातात. ती 1921 साली व्हिक क्लॅपहम या माजी सैनिकानं पहिल्या महायुद्धात पडलेल्या साथीदारांच्या आठवणीसाठी सुरू केली. चढउतारांचा रस्ता, पीटरमारिट्झबर्ग आणि डर्बन यांच्यामधला. तिचं शतक उलटून गेलं, म्हणजे ती टिकली. पण 1975पर्यंत तिच्यात कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश नव्हता. फ्रान्सिस हेवर्ड ही स्त्री 1923 साली आणि रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू 1935 साली धावले, पण त्यांची अधिकृत नोंद झाली नाही. साथीदार कोण हे ठरवायचा अधिकार एकाच गटाकडे राहिला की आठवणीच्या नावानं कुंपण कसं उभं राहतं, याचं हे उदाहरण आहे. आज ती शर्यत जगाची आहे, आणि क्लॅपहमची आठवण त्यामुळे कमी झालेली नाही.


उरिके

प्रिय दादा,

या गावी येताना सेरोकावी लागतं. 2022च्या जूनमध्ये तिथल्या चर्चमध्ये दोन वृद्ध जेझुइट पाद्री आणि त्यांनी आसरा दिलेला एक पर्यटन-मार्गदर्शक यांना एका टोळीच्या म्होरक्यानं गोळ्या घातल्या. या दऱ्यांमध्ये अफू आणि गांजा पिकतो आणि त्यावरून टोळ्या लढतात, हे सांगितल्याशिवाय इथल्या शर्यतीविषयी लिहिणं खोटं होईल.

माझ्या मुद्द्याची खरी परीक्षा 2015 साली झाली. मार्चच्या आरंभी शर्यत होती, परदेशी धावपटू गावात पोचले होते, आणि शर्यतीच्या तोंडावर आसपास टोळ्यांची हिंसा उसळली. मायकाच्या वारशाची जबाबदारी घेतलेल्या आयोजकांनी शर्यत रद्द केली. पाहुण्यांना डोंगरवाटांवर पाठवणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि त्यांचा निर्णय बरोबर होता असं मी मानतो. तरी ठरल्या दिवशी स्थानिक पालिकेच्या पुढाकारानं रारामुरी धावले. त्यांना तर इथेच राहायचं होतं. दोन्ही निर्णय परस्परविरोधी वाटतात, पण ज्याला जाता येतं त्यानं थांबावं आणि ज्याला इथेच राहायचं आहे त्यानं धावावं, यात विसंगती मला दिसत नाही. तेव्हा एक गोष्ट पक्की झाली: ही शर्यत मित्रांवाचून होऊ शकते. पुढच्या वर्षांत ती पुन्हा रीतसर भरली, त्याच नावानं. मायकाचे सगळे मित्र उद्या विमानानं घरी गेले तरी उरिकेत कोणीतरी झेंडा पाडेल, आणि त्याच्या नावाला याहून मोठी हमी कोणी देऊ शकत नाही.

यावर एक उत्तर येऊ शकतं आणि ते हलकं नाही. स्थानिकांच्या हाती गेली की शर्यत पर्यटनखात्याची जत्रा होते, पुढाऱ्यांचे फलक लागतात, गेलेल्या माणसाचा स्वभाव त्यातून निघून जातो. मायका एकट्यानं धावणारा, संस्थांचा कंटाळा असलेला माणूस होता. त्याला कमानी आवडल्या नसत्या. हे होतं, आणि इथेही थोडंफार झालं आहे. पण पर्याय काय, ते पाहा. मित्रांनी स्वभाव जपायचा म्हणून शर्यत आपल्यापाशी ठेवली, तर तो स्वभाव मित्र असेपर्यंतच टिकतो. थोडी विद्रूप होऊन का होईना, गावात रुजलेली शर्यत मी पत्करीन. शिवाय रुजलेल्या गोष्टीतून नवं काही निघतं. इथल्याच डोंगरातली लोरेना रामिरेस 2017 साली पुएब्ला राज्यात 50 किलोमीटरची डोंगरी शर्यत झगा आणि चपला घालून जिंकली, आणि तिच्यावरचा माहितीपट जगानं पाहिला. रारामुरी बाई बाहेरच्या शर्यतीत आपल्या पोशाखात, आपल्या अटींवर जाते आणि जिंकते. लेडव्हिलच्या कुरबुरीनंतर इतक्या वर्षांत झालेला हा बदल लहान नाही. त्याचं श्रेय तिचं आणि तिच्या कुटुंबाचं आहे. पण बाहेरच्यांना पाहुणे म्हणून वागायला शिकवणाऱ्या शर्यतींनी त्याला हातभार लावला, असं मला वाटतं.

तेव्हा बैठकीत फोटोचा विषय बाजूला ठेव आणि या गोष्टी मांड. मार्गातल्या प्रत्येक वाडीत आधी जा, वनखात्याच्या परवानगीआधी. तारीख गावानं ठरवू दे, कारण लावणी-कापणीत कोणाला रिकामा हात नसतो. स्थानिक पोरांना प्रवेश-शुल्क ठेवू नका, आणि पहिल्याच वर्षी आयोजन समितीत निम्मे लोक गावचे घ्या, नुसते पाणी वाटायला नव्हे तर हिशेबाच्या वहीवर सही करायला. पाचव्या वर्षी तुमच्यापैकी एकही जण हजर नसला तर ही शर्यत कोण भरवेल, याचं उत्तर समितीनं आत्ताच लिहून काढावं. ते उत्तर मिळत नसेल तर मॅरेथॉनच्या भानगडीत पडू नका. जमलेले पैसे गेलेल्या मित्राच्या शाळेच्या ग्रंथालयाला द्या.

तुझा,
भाऊ