नव्या रंगाआडचं घर

निगडी-प्राधिकरणात विकायला काढलेलं जुनं घर हल्ली दारातूनच नव्या रंगाचा वास घेऊन समोर येतं. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली स्थापन झालं आणि 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने इथे भूखंड मिळू लागले. कारखान्यांतल्या माणसांनी पगारातून, फंडातून, कर्ज काढून घरं बांधली. आधी खाली दोन खोल्या, मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला, पुढे मागच्या अंगणात पत्रे. आता मुलं दूर गेली, घराला गिऱ्हाईक हवं, म्हणून घर नटवलं जातं.

नटण्यात गैर काही नाही. मला प्रश्न पडतो तो एवढाच, की नेमकं इथेच का नटवलं? असं एक घर बघताना सोबत ओळखीचा गवंडी होता. एकाच भिंतीला कमरेपर्यंत लाकडी पॅनेल पाहून तो म्हणाला, "साहेब, भर उन्हाळ्यात हिनं स्वेटर घातलाय, म्हणजे अंगात काहीतरी आहे." मागे ओल होती. पीओपीच्या छताखाली गळतीचे डाग दडतात, जुन्या फरशीवर चिकटवलेल्या टाइल्सखाली खचलेली जमीन. स्लॅबमधला गज गंजला की फुगतो आणि काँक्रीट फोडतो. वरून प्लास्टर मारल्याने तो थांबत नाही, फक्त काही काळ दिसेनासा होतो. म्हणून मी दिवाणखान्यात कमी रेंगाळतो. गच्चीचा कोबा, संडासाखालचं छत, सिंकखालचा कोपरा आणि मीटरची पेटी, एवढ्या जागा बोलक्या असतात. तिथवर नूतनीकरणाचा पैसा सहसा पोचत नाही.

कागदांनाही असाच रंग लागतो. अनधिकृत बांधकामांवरचा शास्तीकर 2023 मध्ये माफ झाला, पण कर माफ झाला म्हणून वरचा मजला अधिकृत होत नाही. मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले पाडले गेले. त्यांच्या भिंतीत काही खोट होती म्हणून नव्हे, ते उभे होते ती जागाच चुकीची होती म्हणून. शिवाय 1985 चा भाडेपट्टा असेल, तर त्यातली चाळीस वर्षं आधीच सरली आहेत, हे नवं स्वयंपाकघर सांगत नाही.

जुन्या घराला दुखणी असायचीच, तिथे माणसं राहिली आहेत. "इथे गळत होतं, तिथे चीर होती, हे असं दुरुस्त केलं, ही त्याची बिलं," असं सांगणारा मालक भेटला, तर दोन पैसे जास्त मोजायलाही माझी हरकत नाही. "सगळं नवंच आहे," एवढंच म्हणणाऱ्याकडे मात्र विसार देण्याआधी मंजूर नकाशा, भोगवट्याचा दाखला आणि भाडेपट्टा मागा. आणि जमलं तर घर जुलैत, पाऊस लागलेला असताना बघा.