कृतीमागचा कर्ता

सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीच्या बाजारपेठेत, जिथे एकाच आडतीच्या पायरीवर तुरीचा भाव मराठीत निघतो आणि त्याची घासाघीस कानडीत होते, तिथे दुकानांवरच्या पाट्या एके काळी हाताने रंगवल्या जात. पाटी रंगवणारा पेंटर दोन्ही लिप्यांचा जाणकार असे. देवनागरीची शिरोरेषा ताणून झाली, की तोच कुंचला खाली कानडी अक्षरांच्या वळणांतून फिरे, आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत का होईना, तो आपले नाव घाली. पुढे फ्लेक्स आले. आणि आता जत्राजयंत्यांच्या फलकांवर विजांच्या लखलखाटात उभे असलेले जे योद्धे आणि सुवर्णकांतीने झळाळणारी जी दैवते दिसतात, ती कोणीच काढलेली नसतात. दोन ओळींची आज्ञा दिली, की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र काही क्षणांत चित्र पुढ्यात ठेवते. माणसे थबकून ते पाहतात, त्यांना ते आवडते, आणि त्यांच्या आवडीला नावे ठेवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. परंतु ही कला आहे काय, हा जो वाद आज जगभर चालला आहे, त्यात तटस्थ राहणे मला शक्य वाटत नाही.

यंत्राविषयीच्या आकसाने मी हे लिहीत नाही. ज्या जिल्ह्यात १८७७ साली पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि ज्याची चादर देशभर पांघरली जाते, त्या जिल्ह्याच्या माणसाला असा आकस शोभणारही नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्ड मागावर उतरते. नक्षीकार चौकटीच्या कागदावर घर न् घर भरून नक्षी काढतो, त्या घरांबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात, पट्ट्यांची माळ मागावर चढते, आणि भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जाऊन नक्षी कापडात साकार होते. ही युक्ती फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. त्याच पट्ट्या चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतल्या, आणि १८४३ साली त्या यंत्रावर विवेचक टिपणे लिहिताना एडा लव्हलेस यांनी स्पष्ट बजावले, की हे यंत्र स्वतः होऊन काही निर्माण करील असा दावा कोणी करू नये, आपण जे सांगू शकतो तेवढेच ते करील. अर्थात आज जे यंत्र चित्रे काढते, त्याचा एक पूर्वज आमच्या सोलापूरच्या मागावर खडखडत आला आहे. चादरीवर नक्षीकाराचे नाव नसते, भौगोलिक मानांकन मिळाले तेही गावाच्या नावाला, आणि ही उणीव मला नेहमीच खुपत आली आहे. तथापि फूल पट्ट्यांनी काढले, असे कोणा विणकराने कधी म्हटले नाही. नवे यंत्र मात्र जी अगणित चित्रे गिळून शिकले, त्यांतील बहुतेकांच्या कर्त्यांची संमती कोणी घेतली नाही, आणि त्यातून निघालेल्या चित्रावर त्यांपैकी कोणाचाही हक्क उरत नाही.

ही कला आहे काय, या प्रश्नाची दोन्ही मापे मराठी सौंदर्यविचाराने यंत्र येण्यापूर्वीच सिद्ध करून ठेवली आहेत. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनुसार होणाऱ्या संघटनेत सौंदर्य पाहिले. आणि त्यांनीच त्याआधी ‘वाङ्मयीन महात्मता’मध्ये लेखकापाशी आत्मनिष्ठा मागितली. पहिल्या मापाने मोजू गेल्यास यंत्राचे एखादे चित्र निःसंशय उतरेल, कारण रंगांचा संवाद आणि आकारांचा समतोल त्याला साधतो. दुसऱ्या मापापुढे ते उभेच राहू शकत नाही, कारण ज्याच्याशी निष्ठा राखायची तो आत्माच तिथे नाही. यावर असे म्हणता येईल, की रसाचे अधिष्ठान जर सहृदयाच्या ठायी आहे, तर कर्त्याची चौकशी कशाला? पण कवी हा सामाजिकासारखाच, म्हणजे प्रेक्षकासारखाच असतो, असे रसमीमांसक अभिनवगुप्तानेच सांगितले आहे, आणि मला हे वचन फार निर्णायक वाटते. चित्रकार हा आपल्या चित्राचा पहिला प्रेक्षक असतो. तो मागे सरतो, पाहतो, खिन्न होतो, पुसतो, पुन्हा काढतो. यंत्राने आपले चित्र कधी पाहिलेलेच नसते. म्हणूनच जो मनुष्य त्या यंत्राकडून शंभर चित्रे करवून घेऊन नव्याण्णव टाकून देतो, उरलेल्या एकावर दिवसेंदिवस झगडतो, त्याला कलावंत म्हणण्यास माझी हरकत नाही, कारण तिथे पाहणारा आणि नाकारणारा एक जीव आहे. दोन ओळी टंकून पहिले येईल ते छापखान्यात धाडणाऱ्याला मी फार तर गिऱ्हाईक म्हणेन.

कायद्यालाही शेवटी माणूसच शोधावा लागतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात पुढे दुरुस्ती होऊन संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, असे ठरले. अमेरिकेतील न्यायालयाने २०२३ साली मानवी कर्तृत्वाविना प्रताधिकार नाही, असा निवाडा दिला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या फिर्यादीवरून, त्यांच्या परवानगीविना त्यांचा आवाज यंत्राद्वारे उत्पन्न करण्यास मनाई केली. त्या आवाजामागे सांगलीपासूनचे एक अखंड आयुष्य आहे, त्याची नक्कल कितीही हुबेहूब असली तरी त्या आयुष्याचा वारसा तिला लाभत नाही, हे सामान्य रसिकाला न्यायालयापूर्वीच कळलेले असते.

याच जिल्ह्यातील पंढरपुरी जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आरंभी सिनेमाचे फलक रंगवीत. पोटासाठी भल्यामोठ्या फलकांवर चालवलेला तो हात पुढे कुठवर गेला हे सर्वश्रुत आहे. पण तो चालवण्याची संधी प्रथम त्या फलकांनीच दिली, हे आपण विसरतो. गावोगावचे फलक यंत्राने केले, तर केवळ काही पेंटरांची मजुरी बुडते एवढेच नव्हे. पुढच्या पिढीचा हात जिथे चुकत-माकत तयार व्हायचा, ती जागाच नाहीशी होते. माझ्या लेखी या सबंध वादातील सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

दुधनीतील मंडळांना आणि दुकानदारांना म्हणून माझी विनंती आहे: येत्या जत्रेचे बाकी सारे फलक हवे तर यंत्रावर करा, परंतु एक तरी फलक गावातल्या रंगवणाऱ्या हाताला द्या, त्याची मजुरी आगाऊ द्या, आणि उजव्या कोपऱ्यात त्याला त्याचे नाव लिहू द्या.