बॉनेट उघडेना? पहार नको, तळहात लावा

आज पिकाचं नाही, पिकअपचं लिहितोय. माल बाजारात नेते ती गाडीच, त्यामुळे तिचीही नोंद वहीत हवी.

गेल्या आठवड्यात टोमॅटोचे क्रेट भरले आणि पहाटे निघण्याआधी कूलंट बघायला गेलो, तर बॉनेट उघडेना. आतला खटका ओढला की ताण लागायचा, पण 'टक' आवाज नाही. आदल्या दिवशी परत येताना टेंपरेचरचा काटा जरा वर दिसला होता. न बघता भरल्या गाडीनं घाट चढायला मन होईना. धाकटा भाऊ पहार घेऊन आला. म्हटलं, "थांब रे, पत्रा वाकला तर कुलूप आणखी अडकंल."

हे काम दोघांचं. त्याला आत बसवून खटका ओढून धरायला लावला. मी बॉनेटच्या पुढच्या कडेला, बरोबर कुलपाच्या वर, तळहातानं दाबून सोडत राहिलो. बॉनेटखालची रबरं आणि स्प्रिंग त्याला वर ढकलत असतात, म्हणून हूक आवळून बसतो. दाबलं की तो ताण उतरतो. चौथ्या दाबाला 'टक'! मग फटीत बोटं घालून दुसरा सेफ्टी हूक सरकवला.

कूलंट खालच्या खुणेच्याही खाली. होजच्या क्लिपपाशी गळत होतं. इंजिन थंड होतं, क्लिप आवळली, टाकी भरली, निघालो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका.

हूक का अडकतो? जुनं ग्रीस आणि शिवारातली धूळ मिळून चिकट लगदा होतो. वर पावसाचा गंज. खत वाहणाऱ्या गाडीनं जास्त जपावं. युरिया हवेतला ओलावा ओढतो आणि म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराईड लोखंड लवकर खातं.

आता देखभाल. इंजिन थंड असताना जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन कुलूप घासा, फडक्यानं कोरडं करा. सांध्यात नवं ग्रीस बोटभर पुरे, थापलं तर पुन्हा धूळ धरतं. केबलच्या तोंडाशी पातळ तेलाचे दोन-चार थेंब सोडा.

बॉनेट लावण्याआधी स्क्रू ड्रायव्हरनं हूक दाबून बंद करा आणि खटका ओढून बघा. सुटला तरच बॉनेट लावा. सेफ्टी हूक आपोआप जागेवर यायलाच हवा, नाहीतर चालत्या गाडीत बॉनेट उलटून काचेवर येतं.

खटका ओढल्यावर काहीच ताण लागत नसेल, तर केबल तुटली किंवा निसटली समजा. दाबून काही होणार नाही, मिस्त्री गाठा. नुसती मूठ तुटली असेल तर आतली तार पक्कडीनं ओढता येते.

पेरणीआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, एवढं केलं तरी भागतं. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटचं काय करता, तेही लिहा.